मोतीरामने एकत्र शिवलेली पुस्तकं

वरोरच्या मोतीराम तामोरेला पुस्तकांचा नाद लागला तो विद्येची ओढ म्हणून नव्हे, कंटाळ्यापायी. हे असं उघड सांगितलं की वाचनालयाच्या कार्यक्रमात टाळ्या पडत नाहीत, पण खरं ते हेच. डोलीची मासेमारी म्हणजे अर्धं काम आणि अर्धं ताटकळणं. पिशवीसारखं लांबलचक जाळं समुद्रात रोवलेल्या खांबांना बांधायचं, पाण्याच्या ओढीने मासळी आपली आपण आत शिरते, आणि पाणी फिरायच्या बेताला ते ओढून घ्यायचं. मधल्या वेळात बोटीवर काय करायचं, हे ज्याने त्याने आपापल्या अकलेप्रमाणे ठरवलं होतं. कोणी झोपे, कोणी पत्ते कुटे, कोणी दुसऱ्याच्या सासुरवाडीची उणीदुणी काढे. मोतीरामला पत्त्यांत हरणं सहन व्हायचं नाही आणि हलत्या बोटीत दिवसा झोप यायची नाही. एकदा सुकी मासळी बांधायला डहाणूहून आणलेल्या रद्दीत एक अख्खं पुस्तक निघालं. सातवी पास एवढ्या भांडवलावर गडी ते वाचायला बसला, तो बसलाच.

पुढे तो तांडेल झाला, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आणि मग त्याला कोण बोलणार? रद्दीवाल्याकडे जाऊन तो पुस्तक निवडायचा ते जाडीवर. एका पाण्याला, म्हणजे समुद्रावरच्या एका फेरीला, पुरलं पाहिजे, एवढीच अट. लेखकांबद्दल आदर म्हणाल तर काडीचा नाही. 'लेखक कोण?' असं कोणी विचारलं तर म्हणायचा, 'मला काय त्याच्याशी सोयरीक करायचीय?' नायक दाराशी येऊन परत फिरला की हा बोटीवरून ओरडायचा, 'अरे गाढवा, कडी वाजव ना!' त्याच्या जोडीला काकड्या. सायवनकडचा खलाशी, शाळेचं तोंड न पाहिलेला, पण ऐकायला एक नंबर. मोतीराम मोठ्याने वाचायचा आणि काकड्या डोळे मिटून पुस्तकातल्या झाडून सगळ्यांना शिव्या घालायचा. दोघांचं बरं जमायचं.

या माणसाच्या डोक्यात पुस्तकांची नावं कधी राहिलीच नाहीत. त्याच्या आठवणी वेगळ्याच खुंटीला टांगलेल्या. 'ते रे, पापलेटं लागली होती त्या फेरीचं.' 'ते, जाळ्यात ओंडका आला होता तेव्हाचं.' कोणतं पुस्तक कोणत्या पाण्यात वाचलं, तेव्हा वारा कुठला होता, चहात साखर होती की नव्हती, हे सगळं त्याला पाठ. पुस्तकात काय होतं ते मात्र दुसऱ्या पुस्तकात मिसळलेलं.

वाचून झालेली पुस्तकं घरात येऊन साठायची. त्याची बायको देवकी सुक्या बोंबलांचा धंदा करायची, तळासरीच्या आणि सायवनच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. तिला अक्षर येत नव्हतं आणि त्याचं तिला दुःखही नव्हतं. बोंबील ठेवायची जागा पुस्तकांनी खाल्ली तेव्हा तिने एका वाक्यात निकाल दिला: 'ही राहतील नाही तर मी.' मोतीरामने थोडा विचार केला, असं गावात अजून सांगतात. मग पोती भरून पुस्तकं गावच्या वाचनालयाला देऊन टाकली आणि तिथलाच सभासद झाला.

वाचनालय म्हणजे बर्फाच्या खोलीच्या माथ्यावरची एक खोली. खाली बर्फ, वर ज्ञान, आणि दोन्हींना सारखीच ओल. दोन हजार चौदा साली ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला, तरी वाचनालयाच्या पाटीवरचं 'ठाणे' कोणी खोडलं नव्हतं. त्याच साली मोतीरामचे गुडघे गेले. बोट मुलाकडे, नयनकडे गेली आणि बाप ओट्यावर बसून फाटकी जाळी शिवू लागला. समुद्र नाही, मित्र नाही, कारण काकड्याही म्हातारा होऊन सायवनला परतलेला. उरलं काय, तर वाचनालयाचं कार्ड. रोज दुपारी तो गुडघ्यांना शिव्या देत जिना चढायचा आणि पुस्तक काखेत मारून उतरायचा. ते एक होतं म्हणून माणूस माणसात होता. नाहीतर त्याने घरच्यांचं आणि शेजाऱ्यांचं जिणं हराम केलं असतं, यात शंका नको.

वाचनालयाचे अध्यक्ष नवीन गुरुजी. नवीन हे नाव, माणूस जुनाच. निवृत्त मुख्याध्यापक, आणि निवृत्त झालेत हे त्यांना कोणी कळवलं नसावं. 'हात धुऊन पुस्तकास स्पर्श करावा' ही पाटी त्यांनी खास मोतीरामसाठी लावली होती. पुस्तकांच्या पानांत खवले सापडतात ते मोतीरामच्या बोटांचे, असा त्यांचा संशय होता आणि तो अगदी बरोबर होता. ग्रंथपाल होती हेतल, डहाणूची गुजराती घरातली मुलगी. वाचनालयाचा कोर्स करून आलेली, प्रत्येक पुस्तकाला नंबर चिकटवणारी, पण मनाने चांगली.

दोन हजार सोळाच्या पावसाळी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या. ओलीने पुस्तकांच्या बांधण्या सुटत चाललेल्या. डहाणूचा बाइंडर परवडण्यासारखा नव्हता. हेतलच म्हणाली, 'काका, तुम्ही एवढी जाळी शिवता, तर पुस्तकं नाय शिवणार?' मोतीराम म्हणाला, 'मासा अडकतो तर अक्षर का नाही अडकणार? आण.' आणि सुट्या पानांची दोन पोती त्याच्या ओट्यावर आली.

शिवण म्हणजे शिवणच, हे कबूल करावंच लागेल. दाभणाने भोकं पाडायची, जाळ्याचा नायलॉनचा दोरा ओवायचा आणि वर जाळ्याचीच गाठ. पुस्तक फाटलं असतं पण शिवण सुटली नसती. पहिले काही दिवस सगळं सरळ चाललं. मग पोत्याच्या तळातून त्याचीच जुनी पुस्तकं निघू लागली. तेच डिझेलचे डाग, तेच सुकलेलं मीठ. म्हातारा हरखून गेला. एकेकाला हातात घेऊन 'अरे, तू अजून आहेस होय!' म्हणायला लागला. आणि मग त्याच्या डोक्यात जे आलं ते दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं. त्याच्या मनात जी पुस्तकं एकमेकांशेजारी बसलेली होती, ती त्याने एकत्रच शिवून टाकली.

एक होती रुसलेल्या नवऱ्याची कादंबरी. ती त्याने शिवली डिझेल इंजिन दुरुस्तीच्या पुस्तकाला. का? तर जाफराबादच्या बाजूला बोट बंद पडली तेव्हा दोन्ही त्याने एकाच फेरीत वाचली होती. 'तो नवरा अर्धं पुस्तक बायकोशी बोलत नाही आणि आमचं इंजिन पण बोलेना. इंजिनाचं वाचलं तेव्हा मला नवरा कळला. आत हवा अडकली होती दोघांच्या.' एक होती भुताची गोष्ट. तिच्यामागे लोणच्यांच्या पाककृतींचं पुस्तक. भुताचं वाचून त्याची गाळण उडाली होती आणि हाताला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने कैरीचं लोणचं वाचलं, तेव्हा कुठे धीर आला. दुखण्यामागे औषध असावं म्हणून ती जोडी. आणि कोण्या एका संताचं चरित्र त्याने खुनाच्या रहस्यकथेला शिवलं. त्यावर त्याचं म्हणणं असं: 'दोन्हीत माणूस बायकोला न सांगता घरातून गायब होतो. एकात पोलीस शोधतात, दुसऱ्यात देऊळ बांधतात. फरक तेवढाच.'

हेतलने पहिला गठ्ठा उघडला आणि कपाळावर हात मारला. 'अरे बापरे, काका, आ शुं कर्युं? मी नंबर कुठला टाकू याच्यावर?' मोतीराम म्हणाला, 'दोन्ही टाक. नवरा-बायकोला काय एकच नाव असतं?' पोरगी हसली आणि तिथेच चुकली. पुस्तकं तशीच कपाटात गेली.

गावात मग धमाल उडाली. दीपक नावाचा पोरगा इंजिनाचं पुस्तक घेऊन गेला तो परत आल्यावर विचारू लागला, ती बाई शेवटी माहेरी जाते की राहते, कारण शेवटची पानं ओली होऊन चिकटली होती. मासळीवाल्या रूपीने सासूला गुण यावा म्हणून संतचरित्र नेलं. सासूने ते भक्तिभावाने संपवलं, पान उलटलं आणि समोर प्रेत. पुढच्या आठवड्यात सासूबाई स्वतः काठी टेकत जिना चढल्या आणि हेतलला म्हणाल्या, 'अजून खून आहेत का गं?' कधी नव्हे ती पुस्तकांसाठी ओढाताण सुरू झाली. लोक मोतीरामच्या ओट्यावर येऊन भांडायचे, याला ते का जोडलं म्हणून, आणि म्हातारा प्रत्येकाला त्या त्या फेरीची हकिगत ऐकवायचा. चाळीस वर्षं समुद्रात घालवून जेवढे ऐकणारे मिळाले नव्हते तेवढे त्या तीन महिन्यांत मिळाले. तो भलताच खुशीत होता.

गुरुजींना हे कळायला दिवाळी उजाडावी लागली, कारण अध्यक्ष वाचनालयात येत, पण पुस्तक उघडत नसत. तालुक्याहून तपासणीला साहेब येणार असं पत्र आलं. गुरुजी पुस्तकं मोजायला बसले आणि पुस्तकं भरेनात. दोन-दोन, तीन-तीनची मिळून एक झालेली! वाचनालयाचा दर्जा जाणार, अनुदान जाणार. त्यात हाताला लागलं नेमकं संतचरित्र. गुरुजींनी ते टेबलावर आपटलं. तडक कमिटी बोलावली, मोतीरामला उभं केलं. 'मोतीराम, हा वाङ्मयाचा खून आहे!' मोतीराम म्हणाला, 'तो पुढच्या भागात आहे, गुरुजी. संत संपल्यावर.' झालं. जी काही वाचायची शक्यता होती तीही गेली.

निकाल असा लागला: मोतीरामने सगळी पुस्तकं तपासणीच्या आत स्वतःच्या हाताने सुटी करून आणायची. नाहीतर सभासदत्व रद्द, कायमचं. त्याच्या नावावर या गावात पुस्तक मिळायचं नाही.

जिन्यात पोहोचेपर्यंत मोतीराम ऐटीत होता. खाली आल्यावर तो बर्फाच्या खोलीच्या दाराला टेकून उभा राहिला. तो घाबरला होता, स्पष्ट सांगायचं तर. वय झालेलं, गुडघे गेलेले. ओटा, जाळं, ओटा, जाळं, आणि मध्ये एकही पान नाही. असे दिवस काढण्यापेक्षा बुडालेलं बरं, असं त्याला वाटलं. घरी येऊन त्याने निमूट पातं घेतलं आणि पुस्तकं ओट्यावर रचली.

दुपारची वेळ. देवकी तळासरीच्या बाजाराहून नुकतीच आली होती आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला उरलेले बोंबील निवडत बसली होती. चारचौघांत ती नवऱ्याला अहो म्हणायची, घरात अरे. मोतीराम एकेक शिवण कापायचा आणि प्रत्येकाला निरोप दिल्यासारखा बडबडायचा.

'हे जाफराबादचं. काय दिवस होते! इंजिन बंद, वारा बंद, आणि मी नि काकड्या वाचतोय.'

देवकी मान वर न करता म्हणाली, 'तेव्हा नयनला गोवर आला होता. त्याला कडेवर घेऊन मी सायवनला बोंबील विकले. तू आल्या आल्या मला विचारलंस, इंजिनाला काय झालं माहितेय का?'

मोतीरामने चमकून पाहिलं, मग पुढचं घेतलं. 'हे भुताचं. बाप रे, हे वाचलं तेव्हा...'

'तेव्हा घरात चोर शिरत होता. मी कोयता घेऊन दाराशी बसले.'

'मला कधी सांगितलं नाहीस?'

'सांगितलं. तू म्हणालास, भूत असेल.'

मोतीराम हसला. तीही थोडी हसली. त्याला वाटलं, वा, ही तर गंमतच आहे. ज्या ज्या पाण्यात तो पुस्तक वाचत होता त्या त्या दिवशी किनाऱ्यावर काय चाललं होतं ते हिच्याकडे सगळं जमा. तो आणखी चेव येऊन कापायला लागला. आता एकच जोडी उरली होती: एक विनोदी पुस्तक आणि त्याला शिवलेलं प्रथमोपचाराचं. या पुस्तकाचं नुसतं तोंड बघून त्याला हसू फुटायचं. आताही फुटलं. देवकी बोंबील तसेच टाकून उठली आणि आत जायला निघाली.

'हे बघ! दर वेळी असंच. मी या पुस्तकाला हसायला लागलो की तू उठून जातेस. इतकी वर्षं बघतोय. हसणं एवढं टोचतं का गं तुला? अगं, याची तर मोठी गंमत आहे. मी हे वाचत होतो, काकड्या हसता हसता मागे पडला तो नेमका शिंगाळा माशावर बसला. एवढा मोठा काटा! कुठे घुसला ते विचारू नकोस. म्हणून तर हे प्रथमोपचाराचं...'

'माहितेय मला,' देवकी उंबऱ्यात उभी राहून म्हणाली. 'काकड्याला काटा लागला. किनाऱ्यावर उतरलास तेव्हा पहिलं तेच सांगितलंस.'

'मग?'

 ती परत येऊन खाली बसली, पण बोंबलांना हात लावला नाही.

'त्या वेळी अवकाळी पाऊस आला होता. सगळे बोंबील काठ्यांवर वाळत होते. तुझ्या आईला दमा. मी एकटी. पाट्या भरल्या आणि उचलल्या, भरल्या आणि उचलल्या. चौथा महिना होता मला.'

'चौथा? नयनच्या वेळी?'

'नयनच्या आधी.'

'नयनच्या आधी कुठे काय...' मोतीरामचं वाक्य तिथेच राहिलं.

'तेच सांगतेय. रात्री गेलं. तुझ्या आईने आणि शेजारच्या काळीने काय ते निस्तरलं. तुझ्या आईला मी म्हटलं, तुम्ही सांगू नका, मी सांगेन. बोट आली असं कळलं तशी मी किनाऱ्यावर आले. उभं राहवत नव्हतं, तरी आले. तू उतरलास तो हसत. काकड्या लंगडतोय आणि तू त्याच्या पाठीत थापा मारतोयस. मला बघून म्हणालास, देवकी, ऐक, ऐक काय झालं! मी ऐकलं. म्हटलं, एवढा हसतोय, आज नको. उद्या सांगू. उद्या पहाटेच तू परत गेलास. मग राहूनच गेलं.'

मोतीरामने पातं खाली ठेवलं. त्याने विचारलं, 'मी काहीच विचारलं नाही तुला?'

'विचारलंस ना. बोंबील किती वाचले, ते विचारलंस.'

एवढं बोलून ती उठली आणि चुलीकडे गेली. ती चिडली नव्हती, रडलीही नव्हती. मोतीराम मात्र ओट्यावर बसून रडला. लाज वाटून रडला. इतक्या वर्षांत आपण हे पुस्तक किती वेळा काढलं, किती जणांना त्या काट्याची गोष्ट रंगवून सांगितली, आणि ती प्रत्येक वेळी उठून आत गेली, हे त्याला एकामागून एक आठवत राहिलं. शेवटची शिवण त्याने तशीच, डोळे पुसत, कापली.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळी पुस्तकं सुटी करून गुरुजींपुढे ठेवली. गुरुजी प्रसन्न झाले. 'शाब्बास मोतीराम! सभासदत्व कायम.' मोतीरामने खिशातून कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. 'नाव काढा माझं.' गुरुजींना वाटलं, रुसला. त्यांनी क्षमेवर एक लांबलचक भाषण केलं. हेतल मधेच म्हणाली, 'काका, असं नका ना करू. तुमच्याशिवाय इथे येणार कोण?' मोतीराम म्हणाला, 'पोरी, माझं वाचून झालं,' आणि जिना उतरला.

तपासणीचं म्हणाल तर साहेब आले, दारातूनच कपाटांकडे बघून 'छान, छान' म्हणाले आणि चांगले सोडे कुठे मिळतील ते विचारून गेले. म्हणजे पुस्तकं सुटी असती काय आणि दहा-दहांची मोट असती काय, साहेबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. गुरुजींनी तरी पेढे वाटले.

इकडे मोतीरामने बायकोची सेवा आरंभली. आता या माणसाने आयुष्यात कधी घागर उचललेली नाही, तो पाणी भरायला लागला आणि अर्धं ओट्यावर सांडायला लागला. भात करपवला. बाजारच्या दिवशी देवकीची पाटी हिसकावून घेऊन तिच्याबरोबर एसटीत बसून तळासरीला गेला. तिथे तिच्या शेजारी बसून माशा हाकलायचा. गिऱ्हाईक म्हणालं, 'बोंबील जरा जास्तच वाळलेत,' की हा म्हणायचा, 'हो, जास्तच आहेत.' गिऱ्हाईक पुढच्या पाटीकडे. घरी आला की गप्प. विचारलं तर हो किंवा नाही. ओरडणं नाही, गाढवा म्हणणं नाही, कोणाला शिवी नाही. नयन आईला म्हणाला, 'बाबांना डहाणूला डॉक्टरला दाखवूया का?'

संक्रांतीपर्यंत देवकीने सोसलं. मग एका बाजाराहून येताना एसटीतच, चारचौघांतलं अहो विसरून, तिचा भडका उडाला. 'शिक्षा तू स्वतःला देतोयस की मला? धंदा बुडवलास माझा! घरात भुतासारखा बसतोस. मी सांगितलं ते तू असं व्हावंस म्हणून सांगितलं का? मला एवढ्या वर्षांनी बोलावंसं वाटलं, बोलले. आता त्याचं काय लोणचं घालणार आहेस?'

मोतीराम मान खाली घालून म्हणाला, 'मला काय करू ते कळत नाही गं.'

'ते दिसतंयच,' ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

एसटीतून उतरल्यावर तिने रिकामी पाटी त्याच्या हातात दिली, त्याला घरी पिटाळलं आणि स्वतः वाचनालयाचा जिना चढली. आयुष्यात पहिल्यांदा. अंगाला बोंबलांचा वास, तो लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. हेतल दचकून उभी राहिली. गुरुजी पेपर वाचत होते.

'मला सभासद व्हायचंय,' देवकी म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला. 'देवकीबाई, तुम्हाला तर वाचता येत नाही.'

'वाचायला माणूस आहे घरी. रिकामाच आहे.'

'अहो, पण नियमाप्रमाणे...'

'वाचता यायलाच पाहिजे, असं तुमच्या नियमात लिहिलंय का? वाचून दाखवा.'

गुरुजींनी नियमावली शोधली. ती कुठेतरी सुट्या पानांत गेली होती. हेतलने तेवढ्यात कार्ड भरून अंगठा घेतलासुद्धा. 'काकी, कुठलं पुस्तक देऊ?'

'हसायचं. प्रथमोपचाराच्या पुस्तकाला शिवलं होतं ते.'

हेतलने एक शब्द न विचारता ते काढून दिलं. ही मुलगी चांगली, म्हटलं ना.

मोतीराम ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. देवकीने ते जाळं बाजूला सारलं आणि पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. त्याने ते तिच्याकडे परत सरकवलं.

'हे नको, देवकी. दुसरं कुठलंही आण.'

'कार्ड माझं, पुस्तक माझं. वाच.'

'का पण?'

'त्या दिवशी एवढं हसण्यासारखं काय होतं, ते मला ऐकायचंय. मला तेवढं तरी कळू दे.'

मोतीरामने पुस्तक उघडलं. ग्रामपंचायतीची नोटीस वाचावी तसा वाचू लागला. आवाज चढेना, पडेना. देवकीने थोडा वेळ ऐकलं आणि ती खेकसली, 'नीट वाच! मला काय मयताला बसवलंयस? काकड्याला ऐकवलंस तसं वाच.'

मग तो वाचू लागला. आधी चाचरत, मग हळूहळू जुन्या आवाजात. एक मध्यस्थ काका मुलगी बघायला जातात. मुलीच्या बापाने मोठ्या प्रेमाने केलेल्या चिक्कीत त्यांची कवळी रुतून ताटातच राहते, आणि ते नको नको म्हणेपर्यंत तो बाप चिक्कीचं ताट मंडळींत फिरवतो. ताट नवऱ्या मुलाच्या आईपर्यंत येतं. ती एक तुकडा उचलते. तिथे मोतीरामचा आवाज फुटला, कारण काकड्या मागे पडला तो इथेच, याच ओळीला. त्याने पुस्तकावरून भीतभीत वर पाहिलं.

देवकी पदर तोंडावर दाबून बसली होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून त्याने पुस्तक मिटायला घेतलं. तिने पदर काढला. ती हसत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, इतकी की तिला ओट्याचा खांब धरावा लागला. 'मेल्या,' ती धापा टाकत म्हणाली, 'आहे रे हसण्यासारखं! खरंच आहे!'

मोतीरामला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून त्याने दोन्ही केलं. 'थांबू का गं?' त्याने विचारलं.

'थांबतोस कशाला?' देवकीने डोळे पुसले आणि त्याच्याजवळ सरकली. 'त्या बाईने कवळी चावली की नाही, ते सांग आधी.'